अस्पष्ट बोलणाऱ्यांसाठी ऐकणारे यंत्र

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘विज्ञान आणि अपंगांची सेवा’ असा. एवढ्या अवाढव्य विषयाला अर्ध्या तासात न्याय देणे कोणालाच शक्य नाही, आणि मी तर विज्ञानाचा शिक्षकही नाही. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. तेव्हा यंत्राच्या पोटात कोणत्या तारा असतात हे मी सांगेन अशी अपेक्षा आपण करू नये. परंतु बोलणे हा भाषेच्या शिक्षकाच्या अखत्यारीतला विषय आहे. म्हणून मी त्या मोठ्या विषयाचा एकच कोपरा उचलला आहे. ज्यांना ऐकू येते, समजते, ज्यांच्या मनात विचार येतात, परंतु ज्यांचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही, अशा माणसांचा तो कोपरा. त्यांच्यासाठी आता अशी यंत्रे निघाली आहेत की जी त्यांचा अस्पष्ट आवाज ऐकतात आणि तेच वाक्य स्पष्ट शब्दांत बोलून दाखवितात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या मोहल्ल्यांतून अशा मुलाला एकच नाव मिळते, ‘गूंगा’. मराठीत ‘मुका’. आणि मुका म्हटला की तो बहिरा असणार, आणि बहिरा म्हटला की त्याला अक्कल कमी असणार, अशी एक साखळी आपण आपल्या मनात तयार करून ठेवलेली आहे. तिच्यातली एकही कडी खरी नाही. शंकरनगरातील मूक-बधिर विद्यालय आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तेथील मुलांचा मूळ प्रश्न कानाचा आहे. ऐकू न आल्यामुळे बोलणे शिकता आले नाही. मी ज्यांच्याविषयी बोलतो आहे त्यांचे कान उत्तम असतात. इतके उत्तम की, आपण त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी जे बोलतो ते सर्व त्यांना ऐकू येते.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात वाचादोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे २० लक्ष नोंदली गेली. माझे स्वतःचे मत असे की, नोंद झाली त्यापेक्षा न झालेली माणसे बरीच असावीत. कारण दारावर आलेल्या प्रगणकाला घरातला असा मुलगा सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. विशेषतः ती मुलगी असेल तर.

आता बोलणे म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मेंदूत वाक्य तयार होते, फुप्फुसांतून हवा वर येते, गळ्यातील स्वरयंत्राच्या पडद्यांना कंप सुटतो, आणि मग जीभ, टाळू, दात, ओठ मिळून त्या आवाजाला क, च, ट, त, प असा आकार देतात. व्याकरणात आपण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग शिकविले की मुले जांभया देतात. परंतु तो सगळा तक्ता म्हणजे जिभेच्या कसरतीचा नकाशा आहे. या मालिकेत कोठेही बिघाड झाला की बोलणे बिघडते, आणि बिघाड कोठे झाला त्यावर उपाय ठरतो. अर्धांगवायूच्या झटक्याने कधी कधी मेंदूतील शब्दांचे कोठारच विस्कळीत होते. माणूस शब्द शोधत राहतो, याला वाचाघात म्हणतात. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागले तर शब्द शाबूत, जीभ शाबूत, पण आवाजच नाही. आणि तिसरा प्रकार असा की मेंदूत शब्द तयार आहे, आवाजही निघतो, परंतु जीभ व ओठ यांच्या स्नायूंवर ताबा राहत नाही. सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेली मुले, कंपवाताचे रुग्ण, झटक्यातून उठलेले वृद्ध यांच्यात हे आढळते. डॉक्टर त्याला डिसार्थ्रिया म्हणतात. आवाजावर चालणारे यंत्र मुख्यतः या तिसऱ्या माणसासाठी आहे.

हा तिसरा माणूस कसा जगतो हे सांगण्यासाठी मी एका घराचे उदाहरण देतो. घर आपल्याच भागातले आहे. अधिक खूण सांगणार नाही. अकरा वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी, बुद्धीने तल्लख. हात स्थिर राहत नाहीत, म्हणून लिहिता येत नाही. बोलतो, पण ते फक्त त्याच्या अम्मीला कळते. अब्बांना निम्मे कळते. बाकी सर्वांसाठी अम्मी दुभाषी. तो काही म्हणतो, सगळे अम्मीकडे पाहतात, अम्मी सांगते. गेल्या वर्षी अम्मीला चार दिवस मेयो इस्पितळात राहावे लागले. मुलाजवळ खाला राहिली. प्रेमळ बाई. मुलगा रडून रडून काही सांगे आणि खाला त्याला दूध-रोटी भरवी, कारण मूल रडते ते भुकेने असे तिला वाटले. तिसऱ्या दिवशी अब्बांच्या ध्यानात आले की त्याची दाढ दुखते आहे. तीन दिवस तो ‘दात’ हा एकच शब्द सांगत होता आणि खालाजान त्याच दातांनी त्याला रोटी चावायला लावीत होती.

मी त्या घरी गेलो तेव्हा गंमत म्हणून नव्हे, कुतूहलाने, त्याला ‘पानी’ हा शब्द दहा वेळा म्हणावयास सांगितला आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण केले. माझ्या कानाला तो दहाही वेळा ‘आ-ई’ असा ऐकू आला. ‘भाई’ म्हणावयास सांगितले, तेही ‘आ-ई’. पण घरी येऊन सावकाश ऐकले तेव्हा जाणवले की दहाही ‘पानी’ एकमेकांसारखे आहेत. पहिल्या स्वरावर तो लांबतो, मध्ये किंचित नाकातून हवा सोडतो. ‘भाई’ आखूड आहे आणि आरंभी धक्का आहे. म्हणजे त्याचे बोलणे चुकीचे खरे, पण बेशिस्त नाही. तो रोज एकाच पद्धतीने चुकतो. अम्मीने अकरा वर्षांत नेमकी हीच पद्धत पाठ केलेली आहे.

यंत्राची सगळी कल्पना यावर उभी आहे.

या यंत्रांचा इतिहास मनोरंजक आहे. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे एक यंत्र तयार झाले. ते शून्य ते नऊ एवढे आकडे ओळखी, तेही ज्या माणसाच्या आवाजाशी ते जुळवून ठेवलेले असे, त्याचेच नीट ओळखी. दुसरा कोणी बोलला की गडबड. पुढील साठ-सत्तर वर्षे शास्त्रज्ञांची धडपड एकच होती, यंत्राने कोणाचेही बोलणे ओळखावे. त्यासाठी हजारो माणसांचे आवाज त्याला ऐकवावयाचे आणि त्यातून शब्दाचा एक सर्वसाधारण साचा त्याने बसवावयाचा. आज तुमच्या मोबाईलवर बोलून मराठीत किंवा उर्दूत टंकलेखन होते ते याच कष्टाचे फळ. पण बघा, सर्वांचा मिळून साचा काढला की जो त्या सर्वांसारखा नाही तो साच्याबाहेर पडतो. सगळ्या जगाचे ऐकणारे यंत्र या एका मुलाचे ऐकत नाही. त्याच्यासाठी पुन्हा मागे, ऑड्रीच्या वाटेने जावे लागते. एका माणसासाठी एक कान.

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील मंडळींनी हे करून पाहिले. ‘विवोका’ असे त्या यंत्राचे नाव. आवाज आत, आवाज बाहेर. बोलणाऱ्याकडून मोजके शब्द पुन्हा पुन्हा वदवून घ्यावयाचे, यंत्राने त्या एकाच व्यक्तीचे उच्चार शिकावयाचे, आणि मग तो दोन-तीन अस्पष्ट शब्द बोलला की यंत्राने पूर्ण वाक्य स्वच्छ आवाजात म्हणावयाचे. उदाहरणार्थ, त्याने आपल्या पद्धतीने ‘चहा’ आणि ‘हवा’ एवढे म्हटले की यंत्र म्हणेल, “मला चहा हवा आहे.” या प्रयोगाचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. वापरणाऱ्यांनी यंत्र उपयोगी असल्याचे सांगितले, परंतु प्रत्यक्ष घरी-दारी वापरताना शब्द बरोबर ओळखण्याचे प्रमाण सरासरी ६७ टक्के पडले. शंभरात सदुसष्ट. परीक्षेत हे पहिल्या वर्गाचे गुण झाले. जीवनात मात्र तीन वाक्यांतले एक चुकले तर माणूस वैतागतो. मला हा आकडा मुद्दाम सांगावयाचा होता, कारण यंत्राविषयी बोलताना आपल्याकडे एकदम चमत्काराची भाषा सुरू होते.

त्यानंतर गती वाढली. गूगल कंपनीने २०१९ साली ‘युफोनिया’ हा प्रकल्प जाहीर केला. ज्यांचे बोलणे सामान्य साच्यात बसत नाही अशांची वाक्ये जमा करून यंत्राला शिकविण्याचा तो प्रकल्प आहे. त्यात दिमित्री कानेव्स्की नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. ते लहानपणापासून ऐकू शकत नाहीत, इंग्रजी त्यांची मूळ भाषा नव्हे, आणि त्यांचे बोलणे नवख्याला समजणे कठीण जाते. त्यांनी स्वतःच्या आवाजात १५,००० हून अधिक वाक्ये मुद्रित केली, तेव्हा यंत्र त्यांचे बोलणे नीट लिहू लागले. विद्यार्थी मित्रांनो, पंधरा हजार! पाढे दहा वेळा म्हणावयास सांगितले तर आपली तक्रार असते. ॲपल कंपनीने २०२४ साली आपल्या फोनमध्ये अशी सोय जाहीर केली की, माणसाने स्वतःचा कोणताही आवाज एखाद्या कामासाठी नेमून द्यावा. हुंकार दिला की घरी फोन लागावा, असे. हे फोन आपल्यापैकी बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे आहेत. परंतु श्रीमंतांच्या फोनमधली सोय काही वर्षांनी स्वस्त फोनमध्ये येते, हा आतापर्यंतचा अनुभव आहे.

आता आपल्या घरचा प्रश्न. यंत्राला कोणती भाषा?

मराठीच्या बाबतीत एक प्रयत्न मला फार आवडतो. काही वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या मदतीने देशातील अनेक संस्थांनी मिळून शेतकऱ्यांसाठी एक व्यवस्था तयार केली होती. शेतकऱ्याने दूरध्वनी करावा, मालाचे नाव तोंडाने सांगावे, आणि यंत्राने बाजारभाव सांगावा. मराठीचे काम मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पवईची आय. आय. टी. यांनी केले. त्यांनी पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकांचे आवाज घेऊन काम भागविले नाही. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले. कारण एकच पीक वऱ्हाडात एका नावाने, कोकणात दुसऱ्या नावाने, आणि नाव एक असले तरी हेल वेगळा. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा मोठा उपक्रम सुरू केला. त्यात ‘भाषादान’ म्हणून एक भाग आहे. सामान्य नागरिकाने संगणकावर दिलेले वाक्य वाचून आपला आवाज यंत्राच्या शिक्षणासाठी द्यावा. विद्यादान, रक्तदान आपण ऐकले होते. आता आवाजाचेही दान होते.

अस्पष्ट बोलणाऱ्यांच्या बाबतीत तमिळ भाषेने चांगला धडा घालून दिला आहे. चेन्नईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने वीस डिसार्थ्रियाग्रस्त व्यक्तींची तमिळ वाक्ये पद्धतशीर मुद्रित करून संशोधकांसाठी उपलब्ध केली. वीसच माणसे, पण तेवढ्यावर पुढचे काम उभे राहते. बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि तेथील ‘निम्हान्स’ हे इस्पितळ यांनीही मज्जारोगी व कंपवाताच्या रुग्णांच्या बोलण्यावर काम केले आहे. मराठी आणि उर्दूसाठी हे व्हावयाचे असेल तर आवाज बाहेरून येणार नाहीत. ते तुमच्या-माझ्या घरांतूनच द्यावे लागतील.

आणि आपल्या घरची भाषा तरी एक कोठे आहे? मोमीनपुऱ्यातले मूल घरी बोलते ती नागपुरी वळणाची उर्दू-हिंदी. मदरशात अरबी अक्षरे. शाळेत मराठी. बाजारात तिन्हींची भेळ. शिक्षक म्हणून ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्यासाठी मी वर्गात किती घसा कोरडा केला आहे ते माझे विद्यार्थी सांगतील. उलट त्यांचे ‘ख़’ आणि ‘ग़’ ऐकून माझे काही मराठी सहकारी चकित होतात. निरोगी जिभेची ही कथा, तर ज्याची जीभ वळतच नाही त्या मुलाने तीन भाषांतील शब्द यंत्राला शिकवावे म्हणजे हालच. म्हणून जाणकार सांगतात की, आरंभी शब्द थोडे घ्यावे, घरात जे बोलले जातात तेच घ्यावे, आणि जे त्या मुलाच्या तोंडी एकमेकांपासून वेगळे पडतात ते निवडावे. आमच्या त्या मुलाच्या बाबतीत ‘पानी’ आणि ‘भाई’ यांची टक्कर होते. मग भावाला ‘भाई’ ऐवजी त्याच्या नावाने हाक मारण्यास शिकवावे. हा साधा विचार आहे, त्याला संगणक लागत नाही. यंत्र येण्यापूर्वी घरात एक वही घालून हे काम करता येते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, आई आहे ना? आई आहे, हे खरे. आई किती वर्षे आहे?

स्टीफन हॉकिंग यांचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. चाकांच्या खुर्चीतले थोर शास्त्रज्ञ. १९८५ पूर्वी त्यांचे बोलणे इतके अस्पष्ट झाले होते की निकटच्या मोजक्या माणसांनाच ते कळे, आणि व्याख्यानाच्या वेळी शेजारी बसलेला विद्यार्थी त्यांचे म्हणणे लोकांना सांगे. केंब्रिजच्या प्राध्यापकाची आणि मोमीनपुऱ्यातल्या मुलाची स्थिती या बाबतीत एकच. १९८५ साली गळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो अस्पष्ट आवाजही गेला. मग संगणक आला. प्रथम हाताच्या बोटाने, पुढे गालाच्या हालचालीने ते शब्द निवडीत आणि यंत्र बोले. यंत्रातला तो आवाज डेनिस क्लॅट या अमेरिकन संशोधकाने स्वतःच्या आवाजावरून घडविलेला होता. दैवगती अशी की आजारपणात क्लॅट यांचा स्वतःचा आवाज गेला, आणि १९८८ साली ते वारले. त्यांचा आवाज मात्र हॉकिंग यांच्या खुर्चीतून २०१८ पर्यंत जग ऐकत राहिले.

केंब्रिज लांब वाटत असेल तर मुंबईला या. मालिनी छिब यांना जन्मतः सेरेब्रल पाल्सी. बोलणे परक्याला न समजणारे. त्यांच्या आई डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली, कारण अशा मुलांसाठी देशात शाळाच नव्हती. मालिनीबाई सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनला जाऊन त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावही ‘वन लिटल फिंगर’, एक चिमुकले बोट. टंकित केलेले बोलून दाखविणारे यंत्र हाती आल्यावर अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलणे त्यांना साधले. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्र नंतर आले. त्याआधी शाळा आली होती. शाळेने आधी अक्षरे दिली म्हणून यंत्राला काही बोलता आले. जे मूल कधी शाळेतच आले नाही, त्याच्या हाती उद्या लाख रुपयांचे यंत्र दिले तरी ते त्यावर काय बोलणार?

या ठिकाणी मी आपल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना नम्रपणे आठवण करून देतो की, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा सर्व शाळांना लागू आहे. आपल्या शाळेला ‘आमच्याकडे सोय नाही’ असे म्हणून मुलाला परत पाठविता येणार नाही. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात वाचादोष हा स्वतंत्र प्रकार म्हणून नव्हताच. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यात वाचा व भाषा यांचे अपंगत्व घातले. दाखला काढण्यास पालक लाजतात, विशेषतः मुलीच्या बाबतीत, उद्या लग्नात अडचण येईल म्हणून. दाखला न काढल्याने मुलीचे बोलणे सुधारत नाही, फक्त तिचा हक्क बुडतो.

पुन्हा यंत्राकडे येतो. आवाज ओळखणारे यंत्र मराठी-उर्दूत आपल्या मुलाचे बोलणे समजू लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ज्याचे बोट चित्रावर टेकू शकते त्याच्यासाठी आजच साधने आहेत. आय. आय. टी. मुंबईच्या आरेखन विभागाने ‘जेलो’ नावाचे ॲप तयार केले आहे. मोबाईलवर चित्रे दिसतात. मुलाने चित्रावर बोट ठेवले की मोबाईल ते वाक्य बोलतो. मराठी आणि हिंदी दोन्ही आहेत आणि पैसे पडत नाहीत. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी ‘आवाज’ हे साधन काढले, त्याला २०१० साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते विकत घ्यावे लागते, परंतु त्यात आपल्या घरातल्या वस्तूंची व माणसांची छायाचित्रे घालता येतात. आणि मोबाईलही नसेल तर पुठ्ठ्यावर दहा चित्रे चिकटवा. पाणी, रोटी, दूध, संडास, दुखते, नको, अम्मी, बाहेर जायचे, थंडी, झोप. खालाजानजवळ असा एक पुठ्ठा असता तर दाढ पहिल्याच दिवशी कळली असती.

पालक विचारतात, “मास्तर, मशीन बोलू लागले तर पोरगा बोलायचे सोडून देणार नाही का?” प्रश्न रास्त आहे. परंतु यावर झालेल्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की अशा साधनांनी मुलाचे तोंडी बोलणे मागे पडत नाही. काहींचे उलट थोडे वाढते. कारण आपले म्हणणे समोरच्याला पोचते ही खात्री पटली की मूल अधिक धडपडते. चालताना काठी घेतली म्हणून कोणी पाय विसरत नाही.

दोन शब्द मोठ्या विद्यार्थ्यांशी, आणि ते जरा कडक आहेत. वाचा जन्मतःच जाते असे नाही. आपल्या नागपुरात ती पानठेल्यावर विकत घेऊन घालवितात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा. २०१२ साली महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा घोटणारा हात थांबला नाही. प्रथम तोंड पुरते उघडत नाही, घास लहान घ्यावा लागतो. मग गालात किंवा जिभेवर न भरणारी जखम. मग शस्त्रक्रिया, आणि तीत कधी जिभेचा भाग जातो, कधी जबड्याचा. ज्यांचे स्वरयंत्र काढावे लागते त्यांच्यासाठी श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये बसविण्याची एक छोटी झडप असते, तिने पुन्हा बोलता येते. परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. बंगलोरचे डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची झडप तयार केली आणि तिची किंमत ५० रुपये ठेवली. अशा माणसांचा मला अभिमान वाटतो. तथापि त्या पन्नास रुपयांच्या झडपेची गरज न पडू देणे हे तुमच्या हातात आहे, आणि शाळेच्या फाटकासमोरचा ठेला हे आपल्या सर्वांच्या हातात.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. मूल दोन वर्षांचे झाले आणि दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘बाप भी देर से बोला था’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. प्रथम कान तपासावे. मेयो आणि मेडिकल या दोन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासणीला येतात. २०१३ पासूनची ही योजना आहे, आणि तीत बोलण्याला लागलेला उशीर, फाटलेला ओठ व टाळू यांचाही समावेश आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, मुद्दाम आणावे. नागपुरात अपंगांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, तेथे वाचा-उपचाराची चौकशी करावी. अपंगांना साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. उत्पन्नाचा दाखला आणि अपंगत्वाचा दाखला लागतो, म्हणून हे दोन कागद आधी तयार ठेवावे.

आणि देशात या विषयाची सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक आपल्याच राज्यात, मुंबईला वांद्र्यात आहे. १९८३ साली ती स्थापन झाली. तिचे नाव अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था. नवाब अली यावर जंग हे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे आणि अलीगढचे कुलगुरू होते. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, आणि त्या पदावर असतानाच १९७६ साली त्यांचे निधन झाले. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे जाणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. हाजी अली पाहतात, चौपाटी पाहतात. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी एक दिवस वांद्र्यालाही ठेवावा.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या चार विद्यार्थ्यांनी माझ्याबरोबर काम करण्याचे कबूल केले आहे. ज्या घरी अस्पष्ट बोलणारे मूल किंवा वृद्ध आहेत आणि घरच्यांची हरकत नाही, तेथे जाऊन त्यांचे रोजचे पन्नास शब्द वहीत लिहावयाचे, प्रत्येक शब्द दहा वेळा मोबाईलवर मुद्रित करावयाचा, आणि कोणता शब्द कोणत्या शब्दाशी आदळतो ते अम्मीला विचारून टिपावयाचे. मुद्रण त्या घराचेच राहील, परवानगीशिवाय कोणाला ऐकविले जाणार नाही. पाचवे नाव त्या अकरा वर्षांच्या मुलाने स्वतः दिले आहे. त्याला शब्दांची निवड करावयाची आहे, आणि त्याने पहिला शब्द निवडला तो ‘दात’. इच्छुक पालकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर मला शिक्षकांच्या खोलीत भेटावे. ‘जेलो’ माझ्या मोबाईलवर आहे, तेही तेथेच पाहता येईल.